आवरणाऱ्या पेशी

आई, "माझ्याच अंगाला मी वळखू येत नाय का गो?" महाडच्या दवाखान्यात डॉक्टर समोर असताना हे तू मला विचारलंस. मी कॉलेजात होते. तुझ्या पायांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले होते आणि जरा दाबलं तरी कातडी काळीनिळी पडायची. डॉक्टर म्हणाले, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट कमी झाल्यात. काही पांढऱ्या पेशी त्यांनाच परकं समजतात, त्यांच्यावर खूण चिकटवतात आणि पानथरीतल्या, म्हणजे प्लीहेतल्या, दुसऱ्या पेशी खूण दिसेल ते गिळतात. तू हसायलाच लागलीस. "आमच्या सूनबायसारखं!"

पोलादपूरच्या वर आपला तो उताराचा तुकडा. महाडातून लग्न होऊन आलेली वहिनी पहिल्यांदाच बेणणीला बसली आहे, नाचणीच्या रोपातलं तण काढायला. तिथलं गवत हुबेहूब नाचणीसारखं. ती मन लावून नाचणी उपटते आहे, गवत राखते आहे, आणि तू बांधावरून ओरडतेस, "अगो, हात आवर! ती आपली हाय!"

"मंग आत वरडणारं कोन नाय का?" तू डॉक्टरांना विचारलंस. "असेल मावशी, मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. पुढे गोळ्यांनी तुझा चेहरा सुजला आणि पानथरी काढायची ठरली. "तिचा काय दोष? खूण लावणारी तर मोकळीच," तू म्हणत राहिलीस, मी हट्ट धरून बसले. काढली. एक पावसाळा तू बरी होतीस, पुन्हा शेतात उतरलीस. मग ठिपके परतले, आणि डोक्यात रक्तस्राव होऊन तू गेलीस.

आता मी तुझ्या तेव्हाच्या वयाची आहे. मिळेल ते वाचते. आई, ओरडणाऱ्या पेशी असतात. बाकीच्यांना थोपवणं हेच त्यांचं काम. तुझ्या आजारात बऱ्याचदा त्याच कमी पडतात, किंवा असून दुबळ्या असतात. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. हे वाचलं तेव्हा तुला सांगायला मी खरंच खुर्चीतून उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते: एवढं वाचूनही मला हवंय ते भलतंच आहे. आजारी पडल्यापासून तू मला पाय चेपू दिले नाहीस. "नको गो, डाग पडतील, मंग तूच रडशील." आताही तेच म्हणशील. तरी एकदा चेपू दे. अगदी हलक्या हाताने.