वेणीखालची गादी

ताई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही शिळा होत नाही. माणूस गेलं की सोडून द्यावं, असं सगळे सांगतात. पण रोज सकाळी केस विंचरताना भांगापाशी बोट जातं आणि तिथली गुळगुळीत, उघडी जागा बोटाला लागते. ती कुठे जाणार आहे? म्हणून आज लिहायला बसले.

नेरुळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तुमचा भरतनाट्यमचा क्लास सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आजूबाजूच्या निम्म्या बिल्डिंगींना अजून प्लास्टर नव्हतं आणि खिडकी उघडी राहिली की फरशीवर सिमेंटची धूळ बसायची. माझी आई साताऱ्याकडची. तिला नाचातलं काही कळत नव्हतं, पण तुम्ही मला पहिल्या ओळीत उभं केलंत त्या दिवशी तिने शिरा केला होता. पुढे तर जिथे बोलावणं येईल तिथे तुम्ही मलाच न्यायला लागलात. सोसायट्यांचे वर्धापनदिन, नव्या दुकानांची उद्‌घाटनं, गणपतीचे मांडव. मी हवेत होते. आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी मी तुमच्यासमोर पाटावर पाठ करून बसायची, ते अजून मानेला आठवतं. माझे केस पातळ आणि जेमतेम खांद्यापर्यंत. ते चप्प बसावेत म्हणून तुम्ही आधी पाण्याने ओले करता, मग काळं रबर तीन-चार वेढे देऊन आवळता, आणि त्या शेंडीएवढ्या केसांना ती लांबलचक लोकरीची वेणी नाडीने बांधता. आत ठासून कापूस, वर पितळी फुलं, खाली गोंडे. शेवटी आकडे, टाळूला टेकेपर्यंत खुपसलेले. "ताई, ओढतंय," मी म्हणते. "ओढू दे. सैल बांधली तर तिल्लान्याच्या गिरक्यांत सुटून पडेल. तेव्हा रडशील का हसशील?" तुमच्या हातात उरलेले आकडे असतात आणि तुम्ही पुढच्या मुलीकडे वळलेल्या असता.

भांगाजवळचे केस विरळ झाल्याचं आमच्या घरात कुणाच्या लक्षात यायच्या आधी तुमच्या आलं होतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. एके दिवशी तुम्ही काही न बोलता डबीतलं काजळ अंगठ्यावर घेतलंत आणि त्या जागेवर चोळलंत. मला वाटलं, हाही मेकअपच. मग दर वेळी काजळ. करावे गावातल्या गणपतीत मी नाचत होते, मांडवात पंखा नव्हता, आणि घामाबरोबर ते काजळ कपाळावर उतरलं. पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "अगं बाय, पोरीचे कपालावरशी कालं काय येतंय?" बायका हसल्या. मी नाच पुरा केला. आईने पदराने कपाळ पुसलं, तिचा हात वर भांगाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

वाशीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं. म्हणाले, आजार काही नाही, केस मुळापासून ओढले जातायत. ओले केस बांधायचे नाहीत, साधं रबर लावायचं नाही, भांग एकाच जागी पाडायचा नाही, डोक्याला भार द्यायचा नाही. अजून असंच चालू राहिलं तर मुळं मरतील. आईने त्याच संध्याकाळी जुन्या सॅटिनच्या ब्लाउजची पट्टी कापून, आत इलॅस्टिक घालून मऊ बँड शिवले आणि ते घेऊन तुमच्याकडे आली. तिला तुमच्यासमोर मोठ्याने बोलताही येत नव्हतं. "वेणी जरा हलकी नाही का करता येणार? तिचे केसच चाललेत."

"वहिनी, कलेत थोडं सोसावं लागतं," तुम्ही म्हणालात. "माझ्या गुरूंनी मला असंच बांधलं."

आईने बँड परत पिशवीत टाकले. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत की वाशीच्या नाट्यगृहातल्या कार्यक्रमात मुख्य नाच दुसरी करेल. वर्षभर जो मी बसवला होता तो. "पहिल्या रांगेतून टाळू दिसते गं. काजळाने किती झाकणार?" आणि लगेच, जणू काही देऊ करताय अशा आवाजात, "तू विंगेत ये. मुलींचे केस बांधायला कुणीतरी हवंच."

मी गेले. का गेले ते मला आईलाही सांगता आलं नाही. माझा नाच करणारी ती मुलगी माझ्यासमोर पाठ करून बसली. मी तिचे केस कोरडे होऊ दिले, आईचा सॅटिनचा बँड मानेजवळ सैलसर लावला, मऊ सुती कापडाची घडी करून वेणीच्या गाठीखाली गादीसारखी ठेवली, आकडे टाळूऐवजी त्या घडीत खोचले, आणि वेणीचं टोक कमरपट्ट्यात अडकवलं म्हणजे वजन कमरेवर जाईल. तिने मान हलवून बघितली आणि म्हणाली, "अय्या, कळतच नाही बांधलंय ते." तुम्ही मागे उभ्या होतात. माझ्या हातांकडे बघत होतात. वेणी शेवटपर्यंत सुटली नाही. त्यानंतर मी परत क्लासला आले नाही.

मग थेट तुमची शोकसभा, त्याच हॉलमध्ये. फोटोला मोगऱ्याचा हार होता. तीच मुलगी, आता खारघरला स्वतःचा क्लास चालवणारी, बोलायला उभी राहिली. म्हणाली, "ताईंनी आमच्या केसालासुद्धा धक्का लागू दिला नाही. वेणीखाली गादी ठेवायची, टोक कमरेत खोचायचं, ही त्यांची स्वतःची पद्धत. आम्ही आजही तशीच बांधतो." सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणजे तुम्ही शिकलात, ताई. माझ्यानंतरच्या सगळ्या मुलींसाठी शिकलात. आमच्या दारावरून रोज जात होतात, एकदा बेल वाजवून आईला एवढं सांगायला काय हरकत होती?

मग कुणीतरी माझं नाव घेतलं, पहिल्या बॅचमधली म्हणून. खरं ते सगळं सांगायचं असं ठरवून मी उभी राहिले. तुमच्या मुलाने माझ्याकडे बघून हात जोडले, आणि मी म्हटलं, "तालावर पाय कसा मारायचा, ते मला ताईंनी शिकवलं." एवढंच. खोटं नव्हतं ते.

हे कागद मी कुणाला देणार नाही. फक्त एक राहिलंय. मी खाली बसताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला बरं वाटलं.