काळ्या नाळेतला धूर

११ नोव्हेंबर
शिकारीला आलेल्या पाहुण्याची गोळी आज लागली! पण मागच्या मांडीत. रानटी एडका लंगडत काळ्या नाळेत, वरच्या अरुंद घळीत, शिरला. दगडावर रक्त होतं, मी बुटाने त्यावर बर्फ लोटला आणि पाहुण्याला म्हटलं, चुकली.

नियम साधा — रक्त सांडलं की परवान्यातला एकमेव एडका संपला, मग तो हाती लागो न लागो. आणि शिकारी छावणीच्या मालकाने बजावलंय, हा पाहुणा शिंगांशिवाय परत गेला तर पुढल्या हंगामात तोंड दाखवू नकोस. मुर्गाबमध्ये वाटाड्याला दुसरं काम कोण देणार?

एर्गेशने रक्त पाहिलं. माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा, जुमागुलचा, धाकटा भाऊ. छावणीचे याक हाकतो. संध्याकाळी चहा माझ्याकडे पाठ करून प्याला.

१२ नोव्हेंबर
दुसरा एडका पडला. शिंगांवर वयाची अकरा वळी! पाहुण्याने मला मिठी मारली. फोटोत मीही हसतोय.

एर्गेशने बाजूला ओढलं. “दाजी, पहिला अजून तडफडत असेल. सुरी न फिरवताच मरू द्यायचं त्याला? हे पाप कुणाच्या डोक्यावर?”

माझ्या, म्हटलं. गप बस.

१३ नोव्हेंबर
सकाळी एर्गेश नाही. सुरी नाही, दोन नान नाहीत. कुठे गेला ते मला पक्कं ठाऊक आहे.

मालकाने विचारलं तर म्हणालो, पूर्वेच्या कुरणावर याक बघायला गेला असेल. खरं कसं सांगू? एक परवाना, दोन एडके — सरळ तुरुंग. येईल संध्याकाळपर्यंत. गडी दणकट आहे.

१४ नोव्हेंबर
दिवसभर बर्फ. आला नाही.

१५ नोव्हेंबर
उघडलं. मालकाने आठ माणसं जमवली आणि पुढे मला घातलं. माझ्याच थापेमागे मी त्यांना पूर्वेच्या कुरणावर फिरवलं, काठ्यांनी बर्फ भोसकायला लावला. त्यांच्यातला म्हातारा साबिर घसा बसेपर्यंत हाका मारत होता. मीही मारल्या. लाज कशी वाटली नाही मला!

परतताना काळ्या नाळेत वर बारीक धूर दिसला. वाऱ्याने उडालेला बर्फ असेल. कुणाला दाखवला नाही. उद्या सकाळी एकटाच जाऊन बघतो.

१६ नोव्हेंबर
जाता आलं नाही. पाहुण्याला मुर्गाबला सोडायला मालकाने मलाच धाडलं. नाही म्हणायला तोंड होतं, पण कारण काय देणार?

घरी डोकावलो. बातमी पोहोचली होती. जुमागुलने विचारलं, “कुठे गेलाय तो, तुम्हाला खरंच माहीत नाही?”

नाही म्हणालो. तिने सूप वाढलं. भूक लागली होती, सगळं प्यालो. मी नीच माणूस आहे.

१७ नोव्हेंबर
दुपारी नाळेत चढलो. एडका रीतसर कापलेला, तोंड मक्केकडे. शेजारी एर्गेश, एडक्याचं कातडं पांघरून बसलेला. नडगी मोडलेली. काठी जाळली होती, टोपी जाळली होती, एक बूटही. तिथून आमची छावणी स्वच्छ दिसते.

तो गार पडला होता. राखेत हात घातला. खाली अजून कोमट होती.