खळग्यातलं पाणी

४ मार्च
ओतला एकदाचा! अख्खा डबा हिरवा रंग, खिंडीतल्या खळग्यात. वरच्या जंगलातलं पाणी तिथे येतं आणि जमिनीत गडप होतं. आता ते पश्चिमेच्या दरीत, ओढ्यात बाहेर पडणार — पैजेवर सांगते. रंग निरुपद्रवी, प्यायला तरी काही होत नाही. माझे कपडे मात्र पोपटी झाले. आत्याने दारातच अडवलं. "हे ध्यान घरात नको. मागून ये, कपडे बादलीत टाक."

५ मार्च
खिंडीतून रस्ता न्यायचाय, म्हणून वरची झाडं जाणार. गाव उन्हाळाभर जगतं ते पूर्वेच्या झऱ्यावर, आमच्या नळालाही तेच पाणी. खिंडीतलं पाणी तिकडे जात नाही, एवढं मी लिहून दिलं की ठेकेदार मोकळा.
शंकासूर (कचेरीतली माझी सहकारी, नाव मीच ठेवलंय) म्हणाली, "कोळशाची एक पिशवी झऱ्यावरपण लावू या ना. रंग आलाच तर कोळसा धरून ठेवेल." कशाला? जमिनीचा उतार पश्चिमेला, खडकाचे थर पश्चिमेला. पाणी काय उलटं चालणार? सगळ्या पिशव्या ओढ्यात लावून आले.

८ मार्च
आज वर ढग उतरला होता. पावसाचा कित्येक आठवडे पत्ता नाही, पण झाडाखाली उभं राहिलं की मान भिजते. पानं, शेवाळ ढगातलं पाणी धरून ठेवतात. मग ते ठिबकतं, खोडावरून ओघळतं, पाचोळ्यात मुरतं आणि हळूहळू खळग्याकडे सरकतं. मोकळ्या कातळावरचं पर्जन्यमापक कोरडं, झाडाखालचं काठोकाठ! आत्या चादर पिळते तशी ही झाडं ढग पिळतात.
ती तुटली की खळगा आटणार. वाईट वाटतंच. पण खालच्या दरीत राहतं कोण? गावाचं काही अडणार नाही.

११ मार्च
ओढ्यात रंग नाही.

१४ मार्च
अजून नाही. मातीत अडकला असेल, दुसरं काय. शंकासूर नकाशे पसरून बसलीय. तिचं बोलणं परवडलं, हे शोधणं डोक्यात जातं.
घरी वेगळीच कटकट. आत्याच्या पांढऱ्या चादरींना पोपटी झाक आली. "तुझ्या त्या कपड्यांनी बादली नासवली माझी." मी म्हटलं, नवी आणते. "बादली आणशील गं, चादरींचं काय?" हसू आवरेना. पण खरंच, कपडे वेगळे भिजवायला हवे होते.

१६ मार्च
सही केली. ठेकेदार सकाळपासून समोर बसून होता. "मॅडम, तुमच्या शब्दासाठी माणसं थांबवून ठेवलीत." ओढ्यात रंग निघाला नाही म्हणून डोंगराचा उतार थोडाच बदलतो? हा डोंगर मी पायाखाली घातलाय. शंकासूरने सही केली नाही. म्हणाली, "पाणी गेलं कुठे, ते मला अजून कळलेलं नाही." मला कळलंय.
उद्यापासून करवती चालणार. येताना बादली आणली, पांढरीशुभ्र. आत्याचा राग पळाला. जुनी तिने लगेच भंगारवाल्याला दिली.

१७ मार्च, सकाळी
नवी बादली मीच नळाखाली लावली. आत कपडा नाही, काही नाही. अर्धी भरली, आणि खिडकीतलं ऊन पडल्यावर पाणी पोपटी दिसलं.
"हीपण नासवलीस?" आत्या म्हणाली.
करवती सुरू व्हायच्या आत खिंडीत पोचायला हवं. बादली घेऊन निघाले.