तिसऱ्या माथ्यावरचा बुक्का

शुक्र. १८ जाने. १९५७, मुलुंड
सकाळी सगळ्यांची विचारपूस. सौ.चा खोकला? "आहे तसाच आहे, तुमचं सांगा." वसंताची पोटरी? ठीक. कांदिवलीला कुसुमचं तान्हं बरं असेल ना? लेकीचा निरोप नाही. माझे गुडघे... ते विचारू नये.

परवा डोंगरशर्यत, दरसालची. पहिल्या टेकडीवर कपाळाला हळद, दुसरीवर कुंकू, तिसऱ्या माथ्यावर बुक्का. तिन्ही बोटं घेऊन खाली आला तोच खरा धावला. बुक्क्याचं काम माझं, तालीम निघाल्यापासून. सौ. म्हणते, "यंदा चढू नका." पण गिरणीतून कमी केल्यापासून आमचा वसंता घरी बसून आहे. माहुलच्या नव्या तेलकारखान्यात आगीच्या बंबावर माणूस हवाय. तिथले साहेब बघायला येणार, पहिला येईल त्याला घेतो म्हणालेत. कसा बसू घरी?

रवि. २०
अंधार असतानाच निघालो. दर वळणावर बसत बसत चढलो.

वसंता पहिला! भांडुपचा तुका पार मागे. पोराच्या डोळ्यांत घाम उतरलेला, दिसेना त्याला. "बाबा, पटकन!" मी पंच्यानं तोंड पुसलं, बुक्का लावला, पाठीवर थाप. गेला.

मग पंचा बघितला. पिवळा, तांबडा. ओरडलो. वाऱ्यात आवाज कुठला ऐकू जातोय.

मी उतरेपर्यंत सगळं आटपलं होतं. तालमीचे वस्ताद म्हणाले, "कपाळावर एकच बोट, भाऊ. नेम सगळ्यांना सारखा." पंचा दाखवला. "तुम्ही खोटं बोलायचे नाही, ठाऊक आहे मला. पण बापाचाच पंचा पुरावा कसा धरू?" पहिला नंबर अडवून ठेवलाय. साहेब कुणालाच न घेता गेले.

सोम. २१
अंग ठणकतंय. तरी दुसऱ्या टेकडीवरच्या धोंडूकडे गेलो.
"कुंकू लावलंस ना रे वसंताला?"
"भाऊ, मी कपाळं बघतो, तोंडं कुठे बघत बसू?"
हसला. मलाही हसू आलं. मग नाही आलं.

सौ.: "पुसायचा तर गळ्याचा घाम पुसावा. भरलं कपाळ कुणी पुसतं का हो?"

वसंता माझ्याशी बोलत नाही. मीठसुद्धा आईकडे मागतो.

बुध. २३
वस्ताद घरी आले. चहा झाला. तोडगा असा, की येत्या रविवारी वसंता आणि तुका, दोघांनीच पुन्हा धावायचं. साहेब यायला तयार. तुकाही कबूल, बरा पोरगा.

वसंता म्हणाला, "मी जिंकलोय. तेच डोंगर पुन्हा कशाला जिंकू?" पिशवी भरली, कुसुमकडे निघून गेला.

त्याचं तरी काय चुकलं? सौ. म्हणाली, "जाऊ दे, बहिणीपाशी रडेल तरी." दिवसभर पडून होतो. झोप नाही, जाग नाही.

गुरु. २४
कार्ड टाकलं. लिहिलं ते असं:
"चि. वसंता, अनेक आशीर्वाद. वस्ताद रविवारपर्यंत थांबतात. तिसऱ्या माथ्यावर दुसरा माणूस उभा करा म्हणून मीच सांगितलंय. मी खाली थांबेन. तिथंही नको असेन तर घरी बसेन. येतोस की नाही, दोन ओळी लगेच टाक. येणार नसलास तरी टाक."