भोपळ्याच्या बियांना वारस

मी, खाली सही करणारी, आयुष्यभर शिवणकाम करून आता विसावलेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलसाहेब म्हणतात की कायद्याला त्यांची गरज नसते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आजवर तशी कोणाची छाती झालेली नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. भांडायचेच झाले तर दोघांनी परसात जाऊन भांडावे, म्हणजे बोलता बोलता तण तरी उपटले जाईल.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री मुलीला. तिला शिवता येत नाही हे मला ठाऊक आहे. मशीन शोभेला ठेवावे. कात्रीने कागद मात्र कापू नयेत.

३. टोमॅटोचे बीही मुलीलाच. माझ्या यजमानांना टोमॅटो आंबट हवा असे, मला गराचा. बियाण्याच्या फळावरून दरवर्षी आमची जुंपायची. शेवटी, जे झाड सगळ्यांत आधी पिकेल आणि ज्याचे फळ पावसात तडकणार नाही, त्याचेच बी धरायचे असा तह झाला. मुलीने तो पाळावा. पहिले उत्तम फळ खाऊ नये. गर बरणीत आंबत ठेवला की वास सुटतो, आणि तो सुटायलाच हवा. त्याशिवाय बियांवरचा बुळबुळीत थर निघत नाही. जावईबापूंनी एकदा सगळे सडले असे समजून बरणी मोरीत ओतली आणि वर शाबासकीच्या अपेक्षेने माझ्याकडे पाहिले. त्यांना मी क्षमा केली आहे. बरणीजवळ तेवढे फिरकू देऊ नये.

४. फावडे, खुरपी व पाण्याचा पाइप मुलाला. भोपळ्याचे बी त्याला देत नाही. लाल दोरा बांधलेला, खास बियाण्यासाठी राखलेला भोपळा त्याने पाहुण्यांसाठी चिरला, बिया कचऱ्यात टाकल्या आणि मला सांगितले, "आई, दोरा जपून ठेवलाय हं!" त्याच्यावर माझा जीव आहे, भरवसा नाही. आता डब्यात मूठभर जुने बी उरले आहे. यंदा पेरले नाही तर ते उगवायचे नाही, आणि हा भोपळा दुसरीकडे कुठेही नाही.

५. हे बी मी माझ्या धाकट्या जाऊबाईंना देते.

मुलांनो, डोळे विस्फारू नका. कुंपणापलीकडे जाऊबाई आपला पाणचट भोपळा लावतात. मधमाश्या दोन्हीकडे हिंडतात आणि माझ्या बियांतून पुढल्या वर्षी भलतेच काही निघते. म्हणून मी उमलू घातलेली फुले संध्याकाळी दोऱ्याने बांधते आणि सकाळी नर फूल मादी फुलावर स्वतःच्या हाताने फिरवून तिच्या देठाला खुणेचा लाल दोरा बांधते. यावर पलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "अहो ताई, आता फुलांनाही टाके घालता का?" त्यापायी आमचे बोलणे कितीदा बंद पडले, याची गणती नाही.

पाय मोडून मी दवाखान्यात पडले होते, त्या मोसमात घरी परतले तर वेलावरच्या फळांच्या देठांना लाल दोरे होते. मुलगा म्हणाला, "मीच बांधले." त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. गाठी मी ओळखल्या. तीन फेरे आणि वर एक गचाळ गाठ, जाऊबाई पिशवीचे तोंड बांधतात अगदी तशी. मला रडू आले.

अट एकच. बी यंदाच पेरावे, माझ्या मरणाची वाट पाहू नये. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन आणि चुका काढेन.

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ४ मार्च
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

साक्षीदार २: येथे जाऊबाईंनी सही करायची होती. त्यांनी मजकूर वाचला, पेन उघडले. वकीलसाहेबांनी खुलासा केला की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा हक्क जातो. जाऊबाईंनी पेन बंद केले. "मग घ्या दुसऱ्या कोणाची तरी," म्हणाल्या. सबब वकीलसाहेबांच्या कारकुनाने सही केली (सही). जाऊबाई आता येथे हजर नाहीत. डबा घेऊन बी भिजत घालायला गेल्या आहेत.