पानाला तीन वर्तुळं

८ ऑक्टोबर

आज एकच वर्तुळ. वीस शब्दांत एक.

काल दोन होती म्हणून आज जास्त जपून लिहिलं — बहुतेक त्यामुळेच. जपून लिहिलेलं आजोबांना लगेच कळतं. पानामागोमाग त्यांचा आवाजही आला, नेहमीसारखा फोनपासून दूर बसून ओरडल्यासारखा : “मान्मान, आजची अक्षरं घाबरलेली आहेत.”

इंग्रजीचं एकही अक्षर त्यांना वाचता येत नाही. शब्द नीट उभा आहे की कलला आहे, एवढं बघायला वाचता कशाला यायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

क्रम ठरलेला आहे. वीस नवे शब्द, प्रत्येक दहा वेळा कच्च्या कागदावर, मग एकदा पक्क्या पानावर. चार वाजता पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर. बाबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्याची प्रिंट काढून घरी नेतात, आजोबा लाल पेनने नीट उभ्या राहिलेल्या शब्दाभोवती वर्तुळ काढतात, आजी फोटो काढून परत पाठवते. तिकडे थोंगछंगमध्ये वर्तुळ काढलं की इकडे नानचिंगमध्ये मला ते जेवणाच्या रांगेत मिळतं.

पानाला जास्तीत जास्त तीन. लहानपणी आपली चिनी अक्षरं गिरवायचे तेव्हाही तीनच. चौथं मी आजवर पाहिलेलं नाही.

११ ऑक्टोबर

खोलीतली तोंग रुई आज पुन्हा सुरू झाली. “अगं, शब्द ऐकून पाठ कर, फोनवर कर, झोपेत कर. दहा-दहा वेळा घोटतेस काय? तू परीक्षेला बसणारेस की देवळात पोथी उतरवणारेस?”

तिचे साडेपाच हजार शब्द झाले. माझे तीन हजार नऊशे. पण तिचा हिशेब निराळा आहे. अंदाज बरोबर आला की शब्द आला, असं ती धरते. माझ्याकडे सात दिवसांनी न अडखळता आठवला तरच आला. आज उजळणीत न आठवलेल्या एका शब्दावर चुकून बोट लागलं आणि “आठवला” अशी खूण झाली. ती खूण काढता येईना, म्हणून सगळी यादी पुन्हा केली. रुई म्हणाली, “तुझ्यासारखी माणसं यमाच्या दारातही नाव चुकलंय म्हणून फॉर्म परत भरतील.”

हसले. पण मग तारखा पुन्हा मोजल्या. इंग्रजीच्या परीक्षेला २५ नोव्हेंबरची जागा मिळाली आहे, त्यानंतरची जानेवारीत, आणि अर्ज १५ डिसेंबरला बंद होतात. म्हणजे एकदाच. जुने कागद दुरुस्त करायला शिकवणारी विद्यापीठं परदेशात मोजकीच आहेत, आणि त्यांना आधी माझे शब्द बघायचे आहेत.

१५ ऑक्टोबर

एकही नाही. आवाजही नाही. नुसतं कोरं पान परत.

१६ ऑक्टोबर

आजोबा आज म्हणाले, “काल तू लिहीत नव्हतीस, संपवत होतीस.” खरं आहे. काल साडेतीनला बसले होते.

२१ ऑक्टोबर

आज “कंजूष” चे पाच शब्द झाले. परीक्षेत फरक विचारतात — स्वतःवर खर्च न करणारा, दुसऱ्याला न देणारा, उगाच न उधळणारा. मला सारखे आजोबाच आठवत होते. पाचांतला एकही त्यांना बसत नाही. ते देतात, पण देण्याआधी फार वेळ बघतात. असा शब्द पुस्तकात नाही.

बालवाडीत मी गेलेच नाही. आई-बाबा दूर निंगपोला कारखान्यात होते, आई अजून तिथेच आहे. सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे आजोबांचं कामाचं टेबल. ते सहकारी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सिगारेटच्या पाकिटांचे चौकोन कापून त्यावर एकेक अक्षर लिहून द्यायचे. चौकोन दाखवला आणि मी उगाच काहीतरी ठोकून दिलं की चौकोन परत खिशात. “येत नसेल तर येत नाही म्हण. अंदाजाने बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या फडताळात हात घालणं.”

बाबांना मात्र त्यांनी मारून शिकवलं. बाबा डावखुरे. डाव्या हातात ब्रश दिसला की पट्टी. आता बाबा लिहितात उजव्याने, पण जेवताना काड्या डाव्या हातात असतात, आणि आजोबा त्या हाताकडे अजूनही बघत नाहीत. मान वळवून भाजी उचलतात.

मला कधी पट्टी नाही. मला वर्तुळं.

२३ ऑक्टोबर

पान परत आलं नाही.

२६ ऑक्टोबर

आजही नाही. चार पानं गेली, एकही परत नाही. आजीला फोन केला. “सर्दी झालीय गं. घसा बसलाय. तू शब्द कर.” मागे कुणीतरी चाकं लावलेलं काही ढकलत नेत होतं. विचारलं, कुठे आहेस? म्हणाली, बाजारात.

संध्याकाळी पाचला बाजार?

३१ ऑक्टोबर

सात!

सात वर्तुळं, एका पानावर! रांगेत उभी होते, मागच्या मुलाने “सरकता का जरा” म्हटलं तेव्हा कळलं की रांग पुढे गेली होती. रुईला दाखवलं. ती म्हणाली, “म्हातारा प्रेमात पडला वाटतं.” बदकाचं सूप दोन वाट्या प्याले.

आज माझी अक्षरं खरंच बरी होती का? पुन्हा बघितली. बरी होती. सात वर्तुळांइतकी नव्हती.

३ नोव्हेंबर

नऊ. आवाज नाही.

आजी आता पानाचा फोटो फार जवळून काढते. आधी कडेला टेबलावरचं द्राक्षांच्या चित्रांचं मेणकापड दिसायचं. आता नुसता कागद.

६ नोव्हेंबर

आजची बारा वर्तुळं मोठी करून बघितली. बघायला नको होती.

आजोबांचं वर्तुळ वरून सुरू होतं, एका दमात फिरतं, शेवटी थोडी शेपटी राहते. ही बारीक आहेत, थरथरलेली. आणि उलट्या बाजूने फिरलेली. उजवा हात असा फिरतच नाही. मी स्वतः पंधरा-वीसदा काढून बघितलं. डाव्या हातात पेन घेतलं तेव्हा जमलं.

आमच्या घरात डावा हात एकाचाच आहे.

९ नोव्हेंबर

एक वाईट गोष्ट केली. आजच्या पानावर अकरावा शब्द मुद्दाम बिघडवून लिहिला. वाकडा, चुरगळलेला, शेवटची तीन अक्षरं ओळीखाली गेलेली. तसं लिहिताना हाताला लाज वाटत होती.

पान सहाला परत आलं. अकराव्यावर वर्तुळ आहे.

आजोबांनी हे केलं असतं का? कधीच नाही. बाबा काढतायत. म्हातारा हात दाखवायला मुद्दाम थरथरवून काढतायत.

११ नोव्हेंबर

व्हिडिओ कॉल. आजी म्हणाली आजोबा झोपलेत. मग फोन बाबांकडे. बाबा कुठल्याशा जिन्यात उभे होते. केस कानांवर आलेले, दाढी वाढलेली. माझे बाबा — जे सुट्टीच्या दिवशीही दाढी करून चहा पितात.

आमच्याकडे माणूस गेला की मुलगा एकोणपन्नास दिवस केसांना कात्री लावत नाही. हे मला कुणी सांगायला नको.

मी विचारलं, “बाबा, आजोबा आहेत ना?”

त्यांनी जिन्यात वर बघितलं. मग म्हणाले, “आहेत. झोपलेत. तू परीक्षा दे, मग निवांत बोलू.”

त्यांना खोटं बोलता येत नाही. ते वर बघणं मी बघितलं.

पुन्हा विचारलं असतं तर त्यांना पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. नाही विचारलं.

१३ नोव्हेंबर

रुईला सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली नाही. म्हणाली, “आमच्याकडे काकूच्या परीक्षेच्या वेळी असंच केलं होतं. तिची आई गेल्याचं बारा दिवसांनी सांगितलं. अजून ती कुणाला माफ करत नाही.” मग म्हणाली, “जा घरी. परीक्षा गेली चुलीत.”

गेले. बस स्थानकापर्यंत. थोंगछंगची गाडी समोर लागलेली, तिकीट हातात. ड्रायव्हर संत्रं सोलत होता, म्हणाला, “पोरी, चढायचं तर चढ, दार लावतो.”

घरी गेले तर काय होईल तेच डोळ्यांपुढे येत होतं. दार बाबा उघडणार. तीन आठवडे त्यांनी जे छातीवर धरून ठेवलंय ते मला बघताच खाली पडणार. माझी परीक्षा वाचावी म्हणून त्यांनी रडणंसुद्धा पुढे ढकललंय. आजोबा नसतील, तर गेल्याने ते परत येणार नाहीत. फक्त परीक्षा जाईल, आणि बाबांनी केलेलं सगळं फुकट.

गाडी गेली. मी लायब्ररीत परतले. माझी पाण्याची बाटली अजून जागेवर होती. दोनशे शब्दांची उजळणी केली. एकही चुकला नाही, याचीच भीती वाटली.

१४ नोव्हेंबर

ग्रुपवर लिहिलं : “आता रोज पान पाठवत नाही. वेळ पुरत नाही.” वेळ पुरतो. हे माझं खोटं.

मला ती वर्तुळं नकोत. आजोबांची वर्तुळं न कमावता कधी घेतली नाहीत, त्यांच्या नावाने दुसऱ्याने काढलेली तर नाहीच नाही.

पान लिहिते. तारीख घालते. वहीत ठेवते.

१६ नोव्हेंबर

बाबांचा निरोप : “आज पान नाही?”

१८ नोव्हेंबर

बाबा : “एक तरी पाठव. पाच शब्दांचं चालेल.”

राग आला त्यांचा. किती ओढायचं एखादं नाटक? मी उत्तरात अंगठा पाठवला.

१९ नोव्हेंबर

माणूस गेल्यावर दर सातव्या दिवशी त्याचं पान वाढतात; २३ ऑक्टोबर धरला तर आज चौथा सातवा दिवस. घरी आज पानात त्यांच्या आवडीचं वाढलं असेल. मी मांस खाल्लं नाही. एक वाटी सुपात भाजलेले तांदूळ टाकले — आजोबांना ते कुरकुरीत असतानाच लागतात — आणि जेवणाआधी खिडकीत ठेवली. रुईने काही विचारलं नाही. तिने स्वतःचे कपडे खिडकीतून काढून घेतले.

तांदूळ फुगले. मग मी ते टाकून दिले.

२२ नोव्हेंबर

चार हजार सातशे झाले. प्रामाणिकपणे झाले.

आज आजीचा आवाज ग्रुपवर : “मान्मान, पान पाठव गं. नुसतं पाठव.” तिच्या आवाजात रडं होतं. मी फोन पालथा ठेवला.

२५ नोव्हेंबर

दिली. गुण लगेच पडद्यावर येतात. पुरेसे आहेत. लागतात त्यापेक्षा तीन जास्त.

एक प्रश्न कंजूष माणसाचा होता. बरोबर आला.

बाहेर येऊन बाबांना फोन केला. “झाली,” म्हटलं. “चांगली झाली.” त्यांनी तिकडे कुणाला तरी “झाली” म्हणून सांगितलं. मग म्हणाले, “उद्याची गाडी पकड. घरी नको जाऊस, जिल्हा रुग्णालयात ये. सहावा मजला.”

मी विचारलं, “रुग्णालयात कशाला?”

२६ नोव्हेंबर

आजोबा आहेत.

खिडकीजवळच्या खाटेवर. २३ ऑक्टोबरला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बाबा महिनाभर तिथल्या खुर्चीत झोपतात, न्हाव्याकडे जाणार कधी? शुद्धीवर आल्यावर आजोबांनी आधी फोनकडे बोट केलं, मग बोट ओठांवर ठेवलं — पोरीला सांगू नका. पेन डाव्या हातात धरायला त्यांना बाबांनी शिकवलं. आजी म्हणाली, “बोलता येईना, मग वर्तुळंच काढत सुटायचे. त्या एका वाकड्या शब्दापाशी किती वेळ थांबले. पोर दमलीय, असं वाटलं असणार.” पानं यायची थांबली तरी चार वाजले की दाराकडे बघत बसायचे.

खिडकीतल्या वाटीबद्दल मी कुणालाही सांगणार नाही.

अकरा पानं वहीतून काढून त्यांच्यापुढे ठेवली. आता चौथ्यावर आहेत. पेन सारखं निसटतं. बाबा उचलतात आणि त्यांच्या डाव्या हातात परत ठेवतात.