संदर्भ : एक शिक्षिका

७ ऑगस्ट

नववीच्या मतनिबंधांचा पहिला गठ्ठा वाचला. डोकं धरून बसले! विषय मोठ्या सरांनी दिलेला — शाळा आतासारखी सकाळी सातला भरावी की नऊला? दोन्ही बाजूंचा एकेक निबंध शाळा समितीपुढे वाचायचा आणि मग समिती खरोखरच वेळ ठरवणार. म्हणजे हा पोरखेळ नाही. बजावून सांगितलं होतं — मत तुमचं, पण आधार कुठून आणला ते खाली लिहा. तर आधार काय? 'इंटरनेट.' 'आमची आई.' वर्गात ज्याला रेडिओ म्हणतात त्या बडबड्याने तर कहर केला — 'संदर्भ : सगळे म्हणतात.' सगळे राहतात कुठे, विचारलं. म्हणाला, "सगळीकडे, बाई."

हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

८ ऑगस्ट

फळ्यावर लिहिलं — कोण म्हणालं? कुठे? कधी? आणि त्याला त्यातलं काय कळतं? शेवटच्या प्रश्नावर वर्ग बेहद्द खूश. आता घरी जाऊन आईबापांचा जीव खाणार, दुसरं काय!

१३ ऑगस्ट

शंकासुराचा निबंध हाती आला. मुलगी आहे, पण प्रत्येक गोष्टीत शंका काढते म्हणून सगळे शंकासुर म्हणतात आणि तिला ते आवडतं! बाजू घेतली आहे नऊच्या शाळेची. भाषा काय सुंदर आहे या पोरीची. पण सगळा डोलारा एका वाक्यावर — 'शास्त्रज्ञांच्या मते लवकर उठवल्याने मुलांची बुद्धी निम्मी होते.' कोणते शास्त्रज्ञ? पत्ता नाही. समितीतला कोणीही एका फुंकरीत उडवेल हे.

इथे तरी खरं लिहावं. मला सातचीच शाळा हवी आहे. अण्णांना अर्धांगाचा झटका आल्यापासून दुपारी त्यांच्याजवळ मीच असते. सकाळी शेजारच्या मावशी बसतात, पण दुपारी त्यांना त्यांचं शिवणकाम. नऊची शाळा झाली तर चारपर्यंत अण्णा घरात एकटे. साधा पाण्याचा पेला धरता येत नाही माझ्या वडिलांना!

ते वाक्य तसंच सोडलं असतं तर निबंध आपोआप पडला असता. कुणाला कळणार होतं? पेन हातात धरून बराच वेळ बसले. छे! मग बाई कशाला म्हणवून घ्यायचं? लाल रेघ मारली. समासात लिहिलं — कोण म्हणालं? शोध.

१४ ऑगस्ट

दिवसभर चिडचिड. मावशींवर उगाच खेकसले.

२० ऑगस्ट

मधल्या सुट्टीत शंकासुर तणतणत आली. "बाई, ही शुद्ध फसवणूक आहे!" पठ्ठीने त्या वाक्याचा माग काढला. एका वेबसाइटने दुसरीचा हवाला दिलेला, दुसरीने तिसरीचा आणि तिसरीने — पहिलीचा! "शास्त्रज्ञ कोणी नाहीतच बाई. एकमेकींच्या जिवावर चाललंय नुसतं." बोलता बोलता डोळे भरले. सगळ्यात आवडतं वाक्य तिने स्वतःच्या हाताने खोडलं होतं.

म्हटलं, गेलं ते गेलं, जे खरं सापडेल त्यावर नव्याने उभारणी कर. ती गेली आणि मी शिक्षकखोलीत जो दिसेल त्याला हे सांगत सुटले. गणिताचे सर म्हणाले, "बाई, तिसऱ्यांदा सांगताय." सांगणारच! पुन्हा सांगेन.

२७ ऑगस्ट

शंकासुराने धडाका लावला आहे. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भेटून आली. त्या काय म्हणाल्या, कोणत्या तारखेला, सगळं टिपलेलं. कारकुनांकडे उशिरा येणाऱ्या मुलांची नोंद मागितली. ते गुरगुरले, "तुला गं कशाला पंचायती?" तर म्हणे, "खाली संदर्भात तुमचा उल्लेख येईल." लगेच कपाट उघडलं त्यांनी! शाळकरी मुलांच्या झोपेवरचा एक खरा अभ्यासही तिने शोधला. त्यात बुद्धी निम्मी वगैरे काही नाही. एवढंच की पुरेशी झोप झालेल्या मुलांचं पहिल्या तासाला जास्त लक्ष लागतं. तिने तेवढंच लिहिलं. एक शब्द फुगवला नाही.

रेडिओही सुधारला. तो सातच्या बाजूचा. 'संदर्भ : आई, आमच्या स्वयंपाकघरात, रविवारी. तिला यातलं कळतं, कारण मला रोज तीच उठवते.' मान्य केला.

३ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर शंकासुर थांबली. "बाई, विरुद्ध बाजूचंही प्रामाणिकपणे लिहा म्हणालात ना? सातची शाळा कुणाला खरंच लागते, असं कोणी माहितीत आहे?"

म्हटलं, मला विचार. अण्णांचं सांगितलं, मावशींचं, दुपारचं. तिचं लिहिणं थांबलं.

"म्हणजे तुम्हाला सातचीच हवी आहे?"

"हो."

"मग मला कशाला एवढं शिकवता?"

म्हटलं, "ते माझं मत झालं. तू तुझं लिही. आणि माझं नाव नको, एक शिक्षिका एवढंच लिही." तिने खाली मान घालून लिहिलं. तारीखही घातली.

११ सप्टेंबर

समितीची बैठक झाली. रेडिओने सातची बाजू ठणकावून मांडली, आईसकट! मंडळी खळखळून हसली. मग शंकासुर उठली. आवाज आधी कापत होता, मग कापेना. प्रत्येक मुद्द्याला — हे यांनी सांगितलं, इथे, तेव्हा. माझी बाजू आली. बापरे, मलाही ती इतकी नीट मांडता आली नसती! कुठे दयेचा सूर नाही, कुठे कमी नाही. मला समोर बघवेना.

एका सदस्यांनी विचारलं, "मग या शिक्षिकेने काय करावं?"

"त्याचं उत्तर मला सापडलं नाही," ती म्हणाली. "निबंधातही तसंच लिहिलं आहे. तरी माझं मत नऊचंच आहे."

मोठमोठ्यांना जे म्हणता येत नाही ते पोरीने म्हटलं! ऊर भरून आला माझा. घरी येऊन अण्णांना सगळं करून दाखवलं, तिच्या आवाजासकट. ते अर्ध्या चेहऱ्याने हसले.

१८ सप्टेंबर

निर्णय आला. पुढच्या सत्रापासून पाचवीच्या वरच्या वर्गांना नऊची शाळा. लहान वर्ग सातलाच भरणार. समितीने कारण लिहिलं आहे — विद्यार्थिनीचा निबंध. वर्गाने बाकं बडवली. मीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

२२ सप्टेंबर

मोठ्या सरांनी माझा अर्ज मंजूर केला. पुढच्या सत्रापासून दुसरीचा वर्ग, सकाळी सात. ही नववी आता माझी नाही. शंकासुराला मीच सांगणार आहे, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.